सोळाबीनचा भाव

वाशिमच्या बसस्टँडवर कोणाला फोन कुठून आला, हे ओळखायला त्याच्या मोबाईलमध्ये डोकवावं लागत नाही. पहिली दोन वाक्यं कानावर पडली की पुरे. "हाव, बोल. काहून?" म्हणजे घरून. "हां जी सर, बोलिये" म्हणजे फायनान्सवाला. हप्ता थकलेला आहे. "नमस्कार साहेब, हो हो, सगळी कागदपत्रं जोडलीत" म्हणजे तहसील नाही तर पंचायत समिती. आणि माणूस उगाच दोन पावलं बाजूला सरकला, घसा खाकरला आणि "हॅलो, हो, निघालोय मी, पोहोचल्यावर कळवतो" असं म्हणाला की समजावं, फोन पुण्याचा आहे, बहुतेक व्याह्यांचा. फोन खिशात गेला की तोच माणूस शेजाऱ्याला विचारतो, "रिसोडची गाडी लागली का बे?" आणि सफारी काढून बनियनवर बसावं तसा सैल होतो.

यात लबाडी काही नाही. परक्यापुढं जीभ सावरून बसायची, ही आमच्याकडची रीतच आहे. फक्त परका कोण, आपला कोण आणि कोणी कोणापुढं सावरायचं, याचे नियम कुठं छापलेले नाहीत. तरी ते पाचवीतल्या पोरालाही पाठ असतात.

बाहेरच्यांना वाशिम म्हणजे सरसकट वऱ्हाडी वाटतं. (त्यांतल्या काहींना 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे आमच्या भागाचं नाटक वाटतं. ते लग्नाचं वऱ्हाड हो! आणि लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे. पण नगर ओलांडलं की पुढं नागपूरपर्यंत सगळं एकच गाव आहे, अशी एक समजूत आहे, तिला कोण काय करणार?) १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघालेला हा सहा तालुक्यांचा, सुमारे १२ लाख वस्तीचा जिल्हा. पण रिसोडवाल्याचं बोलणं कारंजावाल्याला मराठवाड्याकडं झुकलेलं वाटतं आणि कारंजावाल्याचं रिसोडवाल्याला अमरावतीकडं. वाशिमहून हिंगोलीच्या एसटीत बसा. मागच्या सीटवरचा फोनवर "काय करून राह्यला?" असं विचारत असतो. कन्हेरगाव नाक्याला नवे प्रवासी चढतात आणि त्यांच्यातला कोणी "काय करायलास?" असं विचारतो. वाशिमकर हिंगोलीकराची नक्कल करून पोट धरून हसतो, हिंगोलीकर वाशिमकराची. पुढं दोघांची पोरं पुण्यात एकाच खोलीत भाड्यानं राहतात आणि घरमालक दोघांनाही 'ते विदर्भाकडचे' म्हणतो.

मानोरा तालुक्याची गंमत आणखी वेगळी. बंजारा तांड्यावरचं पोरगं घरी गोरमाटी बोलतं, बाजारात वऱ्हाडी, मोबाईलवर हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. चार भाषांतून इकडून तिकडं न अडखळता फिरणाऱ्या या पोराच्या प्रगतिपुस्तकावर शेरा काय, तर 'भाषा विषयात अधिक लक्ष द्यावे'. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला आणि लगेच पाच तारखेला बंजारा विरासत संग्रहालयाच्या उद्घाटनाला पंतप्रधान आमच्या पोहरादेवीला आले. त्या आठवड्यात कोणत्या भाषेचा किती अभिमान बाळगायचा, याचा हिशेब लावता लावता जिल्ह्याची दमछाक झाली.

अभिजातपणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हे वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. संस्कृत काव्यात सर्वांत गुणवान शैली कोणती, तर वैदर्भी, असं दंडीसारखा शास्त्रकार सांगतो. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं, तेही थेट वत्सगुल्मात. म्हणजे नवरानवरी कुठलेही असोत, मंगल कार्यालय वाशिमचं. ज्या गावात साक्षात साहित्याचं लग्न लागलं, त्या गावच्या पोराला आज शनिवार पेठेत विचारतात, "तुम्ही मूळचे मराठीच का हो?"

पण माझा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे १९३९ साली वाशिमला उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट. चौथ्या शतकातला. त्यात सुरुवातीला राजाची वंशावळ आहे, आजोबा-पणजोबांच्या पदव्या आहेत. तो सगळा भाग कडक इस्त्रीच्या संस्कृतात. मग गाव कोणाला दान दिलं, कोणत्या सवलती, असा जमिनीचा मजकूर सुरू होतो आणि भाषा प्राकृतावर येते. पूर्वजांची ओळख करून देताना शुद्ध, वावराचं बोलताना आपली. सोळाशे वर्षांत आमच्यात काडीचा फरक पडलेला नाही.

आता आमचा गुन्हा काय, ते सांगतो. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो: डोळा डोया, काळा काया, उन्हाळा उन्हाया. 'ण'चा 'न' होतो. आणि 'मला-तुला'चं 'मले-तुले' होतं. आणखीही पुष्कळ आहे, पण माणूस धरला जातो तो या तीन कलमांखाली. एवढ्यावर त्याची अक्कल, शाळा, जमीन आणि जातसुद्धा जोखली जाते. पूर्वी गावात कोण 'मला' म्हणतो आणि कोण 'मले', यावरून त्याचं घर गावाच्या कोणत्या अंगाला असेल हे न विचारता कळायचं. आता घरं मिसळली, कॉलन्या झाल्या. कान मात्र अजून जुन्याच पत्त्यावर राहतात.

बरं, हे शुद्ध-अशुद्ध ठरलं कधी? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याचा सहकारी मेजर कँडी पुढं शाळेची पुस्तकं तपासत बसला. हे दोघं इंग्रज आणि त्यांच्या हाताखालची कोकण-पुण्याकडची शास्त्रीमंडळी. आमचं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं ते १८५३ मध्ये. म्हणजे आम्ही बैठकीला पोचलो तेव्हा ठराव मंजूर होऊन चहा सुरू झालेला होता.

या तीन कलमांची धास्ती एकदा मनात बसली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. आमच्या भागातल्या एका शेतकरी मेळाव्यात सूत्रसंचालनाला एक नुकताच पदवीधर झालेला तरुण होता. जाकीट घातलेलं, हातात कार्डं, आवाज खणखणीत. सुरुवातच त्यानं अशी केली : "आपल्या जिल्ह्यातील तमाम सोळाबीन उत्पादक बांधवांनो!" मंडपात एकदम शांतता. लोकांना वाटलं, नवीन वाण आलं. माझ्या पुढचे एक आबाजी शेजाऱ्याला म्हणाले, "हे सोया नंबरचं कोन्त्या कंपनीचं हाय बे?" तरुण पुढं गेला. शेतीपूरक व्यवसायांचा मुद्दा आला, त्यात 'संकरित गाळी' आल्या, त्यांचं दूध आलं आणि अनुदान आलं हेक्टरी अमुक हजार 'रुपळे'. तेव्हा कुठं मंडपाच्या लक्षात आलं. पण त्याला हसू नका. 'य' दिसला की त्याच्यामागं 'ळ' लपलेला असतो, हे त्याला पहिलीपासून छडीनिशी शिकवलेलं. तो बिचारा दिसेल त्या 'य'ला पकडून त्याच्या खऱ्या घरी पोचवत होता. भाषणाच्या शेवटी 'माय-बाप' हा शब्द येणार, हे मला त्याच्या आवेशावरून दिसत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला होता. ऐनवेळी त्यानं 'आई-वडील' म्हटलं. वाचलो.

शाळेचंच निघालं तर फेब्रुवारी महिना बघण्यासारखा असतो. २३ तारखेला गाडगेबाबांची जयंती. शेंडगावच्या या माणसानं आयुष्यभर वऱ्हाडीतच कीर्तन केलं. विदर्भात केलं, पंढरपुरात केलं आणि मुंबईतही केलं. बाबांनी श्रोता बघून जीभ बदलली नाही. बदलायचं ते श्रोत्यांनी, असा त्यांचा हिशेब असावा. तर जयंतीला शाळेत वेशभूषा. चौथीतल्या एका पोराला चिंध्यांचा सदरा, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. बाई आठवडाभर त्याच्याकडून संवाद घोटून घेतात. पोरगं घाबरून 'मला' म्हणतं. बाई म्हणतात, "अरे मला नाही, मले! बाबा मले म्हणायचे. जरा ठसक्यात म्हण." पोराला नवल वाटतं. जे बोलल्याबद्दल वर्षभर उभं केलं, तेच आज मोठ्यानं म्हण म्हणतात! २३ ला ते मनसोक्त 'मले-तुले' करतं, टाळ्या घेतं, पहिला नंबर काढतं. २४ ला सकाळी ते बाईंना म्हणतं, "बाई, मले पानी प्याले जाऊ द्या." बाई म्हणतात, "नीट बोल. शाळा आहे ही." आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी त्याच पोराला पहिल्या रांगेत बसवून 'बोलीभाषांचे संवर्धन' या विषयावर पाहुण्यांचं तासभर भाषण ऐकवतात.

म्हणजे वऱ्हाडी बोलायला हरकत नाही. बोलणारा संत हवा. नाही तर पुढारी. आमच्याकडं निवडणुकीच्या सभेत कडक पांढऱ्या कपड्यांतला उमेदवार दोन्ही हात पसरून म्हणतो, "मले काई समजत नाई बाप्पा तुमचं ते कायद्याचं, मी तं साधा कास्तकार मानूस!" लोक खूश. मातीतला आहे म्हणतात, रांगडा आहे म्हणतात. त्याच सभेतला एक खरोखरचा कास्तकार दुसऱ्या दिवशी पीककर्जाच्या काउंटरवर हेच वाक्य अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. पलीकडून उत्तर येतं, "शिकलेलं कोणी असेल तर घेऊन या." शब्द तेच, 'ले' तोच, 'नाई' तीच. फरक फक्त बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा. साहित्यातही असंच. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि १९६० पासून वाचक डोळे पुसताहेत. तीच बोली टीव्हीवर ऐकली की लोक हसून डोळे पुसतात आणि काउंटरवर ऐकली की रांगेत मागं पाठवतात.

टीव्हीबद्दल मात्र मी एकदम वाईट बोलणार नाही. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी घराघरांत वऱ्हाडी पोचवली, हे उपकारच. तोटा एवढाच झाला की, आता पुण्यात आम्ही तोंड उघडलं की समोरचा आनंदून म्हणतो, "अय्या, अगदी गणेशपुरेंसारखं बोलता हो तुम्ही!" आम्ही सोयाबीनवरच्या खोडकिडीबद्दल बोलत असतो आणि तो पुढच्या पंचची वाट बघत असतो.

संध्याकाळी वाशिमहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बसलात तर ही सगळी यात्रा एका रात्रीत दिसते. निघताना गाडीत नुसता गलका : "माही बॅग कुठी ठेवली वो?" "खिडकी लाव, वारं येऊन राह्यलं." मेहकर-जालन्यापर्यंत असंच. मग झोप. पहाटे वाघोलीला दिवे लागतात आणि त्याच स्लीपरमधून त्याच गळ्यांतून वेगळेच आवाज निघतात : "हॅलो, हो, पोहोचतोय. खराडीला उतरेन." रात्री झोपेत घशाचं कुठं ऑपरेशन झालं, कळत नाही. तरी खुणा राहतात. पोरीबाळी 'मले' सोडतात, 'न'चा 'ण' करतात, पण "मी काल आली" म्हणतात आणि पकडल्या जातात. तिकडं "आले" लागतं. पोरं "तू गेला होता का?" असं विचारतात आणि शेवटचा 'स' कुठं सांडला, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ज्यांना ही परीक्षा नको असते, ते सरळ हिंदीवर जातात. मग पोहेवाल्याला वाटतं, पोरगं इंदूरचं असेल. तोही हिंदीत उत्तर देतो. आणि सकाळच्या गर्दीत मंगरुळपीरचा मराठी माणूस नारायणगावच्या मराठी माणसाशी "भैया, थोडा तर्री ज्यादा डालो" असा व्यवहार करून तृप्त होतो.

या सगळ्यात दोष नुसत्या पुण्याचा आहे असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! कॅनडातल्या माँट्रिअलमध्ये वॉलेस लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला होता. त्यावरचा लेख १९६० साली छापून आला. दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलणाऱ्या माणसांकडून त्यानं एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही की आवाज त्याच माणसांचे आहेत. मग विचारलं : हा माणूस कसा वाटतो? तर इंग्रजी वाचणारा जास्त हुशार वाटला, दिसायला बरा वाटला आणि उंचही वाटला! नुसत्या आवाजावरून उंची! आणि खरी मेख पुढं आहे. स्वतः फ्रेंच बोलणाऱ्या मंडळींनीही फ्रेंच आवाजाला कमीच गुण दिले, काही बाबतींत तर इंग्रजी बोलणाऱ्या श्रोत्यांपेक्षाही कमी. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. वाशिममध्ये 'मले' म्हणणाऱ्या माणसाला सर्वांत आधी दोन इंचांनी बुटका करतो तो दुसरा 'मले' म्हणणाराच. बहुधा त्याचा पुण्याहून सुट्टीवर आलेला चुलतभाऊ.

ही उंची वाढवण्याची धडपड सर्वांत जास्त कुठं दिसत असेल, तर पाहण्याच्या कार्यक्रमात. २०२४ च्या दिवाळीनंतर मंगरुळपीरला अशा एका बैठकीत मी मध्यस्थाचा माणूस म्हणून होतो. मुलाकडचे मूळ रिसोड तालुक्यातले, आता वाघोलीला फ्लॅट, मुलगा हिंजवडीला. मुलीचे वडील शिक्षक. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडी, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल हे पक्कं माहीत. तरी बैठक बातमीपत्राच्या मराठीत सुरू झाली. "प्रवास सुखकर झाला ना आपला?" "अतिशय. समृद्धी महामार्गामुळे फारच सोयीचं झालेलं आहे." "पोहे घ्या ना." "घेतोय ना, आपणही घ्या." मुलीच्या आत्याला आदल्या रात्रीच ताकीद मिळालेली होती की, तोंड उघडायचं नाही. ती पदराचं टोक दातांत धरून कोपऱ्यात बसली होती.

मुलाच्या मामांनी बोलायला काही उरलं नाही म्हणून विचारलं, "यंदा सोयाबीनला काय दर मिळाला आपल्याकडे?"

मुलीचे वडील म्हणाले, "हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव आहे. परंतु बाजारात व्यापारी..." इथं त्यांचा आवाज हलला. "परंतु व्यापारी... अहो, चार हजारानं मागून राह्यले वो!"

"आन् वल हाय म्हून पोतेचे पोते वापस करून राह्यले!" कोपऱ्यातून आत्या. पदर सुटला होता.

"आमच्या इकडंबी तेच," मुलाचे वडील मांडी बदलून पुढं सरकले. "लुटून राह्यले बाप्पा कास्तकाराले!"

सोयाबीनच्या भावावर शुद्ध मराठीत चिडता येतच नाही. त्या भाषेत तेवढी सोय नाही. पुढची वीस मिनिटं त्या खोलीत जो गलका झाला, त्यात व्यापारी, सरकार, पाऊस, बियाण्यांच्या कंपन्या सगळे धारेवर धरले गेले. तोवर मान खाली घालून बसलेला हिंजवडीचा मुलगा मध्येच म्हणाला, "मंग विकू नोका ना आता. ठेवा फेब्रुवारीलोक." आतल्या दारात उभी असलेली मुलगी फस्सकन हसली. लग्न जमलं. पत्रिका अर्थातच 'आमचे येथे श्री कृपेकरून' अशी छापली.

अलीकडं बोलींना बरे दिवस आलेत म्हणतात. १९०५ साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड निघाला, तेव्हा प्रत्येक बोलीला एकच बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली होती. वऱ्हाडीलाही. आता तेवढी सक्ती नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगावचे लोक बोलताना टिपले. विद्यापीठांतली पोरंही प्रबंधासाठी मोबाईल घेऊन खेड्यांत फिरतात. अशीच एक चुणचुणीत मुलगी आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या आजींकडं आली. मोबाईल समोर ठेवला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगा."

आजींनी डोक्यावरचा पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि सांगायला लागल्या : "माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. आम्हाला शिक्षणाची अतिशय आवड होती..."

मुलगी अस्वस्थ. दोन मिनिटं तिनं कळ काढली. मग हळूच म्हणाली, "आजी, असं नको ना. घरी बोलता तसं बोला."

आजींनी मोबाईलकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मंग पह्यलेच सांगा लागत व्हतं ना वं बाई! मी तं तुह्यासाठी पुन्यावाली काढली व्हती."